आमवात आणि खांद्याचा सांधा : हाड राखणारी शस्त्रक्रिया

केस विंचरणे, डोक्यावरून पदर घेणे, फडताळातील डबा काढणे, फळ्यावर लिहिणे ही कामे करताना निरोगी माणसाच्या मनात खांद्याचा विचारही येत नाही. आमवात जडलेल्या रुग्णाला मात्र तो पदोपदी करावा लागतो. या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणा सांध्याच्या अस्तरावरच उलटते. अस्तर सुजते, हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा नष्ट होते व हाडावर हाड घासू लागते. हे म्हातारपणाचे दुखणे नव्हे; ते ऐन उमेदीतही जडते आणि स्त्रियांमध्ये अधिक आढळते.

दंडाच्या हाडाचे गोल शीर्ष पात्याच्या उथळ खोबणीत फिरते. अमेरिकेतील शल्यविशारद चार्ल्स नीअर यांनी १९५० नंतरच्या दशकात हे शीर्ष कापून तेथे धातूचे शीर्ष बसविण्याची पद्धत रूढ केली. त्याचा लांब दांडा हाडाच्या पोकळीत उतरविला जाई. आमवाताच्या रुग्णाचे हाड आधीच विरळ झालेले असते. त्यातच पुष्कळदा कोपराचा सांधाही बदलावा लागतो व त्याचा दांडा खालून वर येतो. दोन दांड्यांच्या मधला हाडाचा तुकडा मोडण्याचा धोका मग वाढतो.

इंग्लंडमधील रेडिंग येथे स्टीफन कोपलँड यांनी १९८६ पासून निराळी वाट चोखाळली. शीर्ष न कापता त्याचा खराब झालेला पृष्ठभाग तेवढा घासून त्यावर धातूची टोपी बसवावयाची; टोपीच्या आतील आखूड खुंटी ती जागेवर धरून ठेवते. दाताला टोपी बसवितात, तसाच हा प्रकार. हाड शाबूत राहते आणि पुढे पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ आलीच, तर शल्यविशारदाच्या हाती काही शिल्लक असते.

मात्र शीर्षच पोखरून गेले असेल, तर टोपीला आधार मिळत नाही. वेदना बहुधा पुष्कळ कमी होतात. हात किती वर जाईल, हे सांध्याभोवतीच्या स्नायूंवर अवलंबून असते आणि आमवात त्यांनाही सोडीत नाही. ते निकामी झाले असल्यास गोल भाग पात्याकडे व खोबण दंडाकडे बसविणारा उलट रचनेचा सांधा निवडतात. अलीकडे आखूड खुंटीचे अन्य सांधेही उपलब्ध झाल्याने टोपीचा वापर घटला आहे. शिवाय मेथोट्रेक्झेटसारखी औषधे वेळीच सुरू झाल्यास सांध्याची हानी पुष्कळ रोखता येते. सकाळी बोटांचे सांधे तासभर आखडून राहणे आणि ही तक्रार कित्येक आठवडे टिकणे, हे तपासणीस जाण्यास पुरेसे कारण आहे. नुसत्या वेदनाशामक गोळ्यांवर वर्षे काढली, तर हाड राखण्याची संधी निसटते.

शस्त्रक्रिया ठरल्यावरही क्रमाचा विचार करावा लागतो. गुडघा वा खुबा बदलावयाचा असल्यास तो बहुधा आधी बदलतात, कारण कुबड्यांचा भार खांद्यावर येतो. भूल देण्यापूर्वी मानेची क्ष-किरण तपासणीही महत्त्वाची असते. आमवाताने मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात.