खोती, कर्ज आणि कोर्टकज्जे

आमच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे हल्लीच्या रायगडात, खोताचे घराणे हे गावचे वैभव मानले जाई. परंतु खोती म्हणजे निव्वळ जमीन नव्हे. सरकारचा सारा भरून कुळांकडून खंड वसूल करण्याचा तो वंशपरंपरागत हक्क होता. हा हक्क वारसांत अंशाअंशाने वाटला जाई, तसाच गहाणही पडे. अंश लहान होत. लग्नकार्याचा व मानपानाचा खर्च मात्र वाडवडिलांच्या वेळचाच राही. मग सावकार व वकील हेच खरे वाटेकरी ठरत.

आयर्लंडातील जमीनदारांची गत याहून फारशी निराळी नव्हती. तेथे १८४५ नंतरच्या दुष्काळात खंड बुडाला, आणि कर्जात रुतलेल्या जमिनी विकण्यासाठी १८४९ साली कायद्याने खास न्यायमंडळ नेमावे लागले.

आमच्याकडे आघात कुळांकडून आला. खंडाखाली पिचलेल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी येथे संप पुकारला, तो १९३९ पर्यंत टिकला. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. अखेर १९४९ च्या कायद्याने ती गेली.

दुसऱ्याच्या घामावर उभी राहिलेली मिळकत कागदावर कितीही भक्कम असली तरी टिकत नाही, हा यातील पहिला बोध होय. दुसरा आम्हां सर्वांच्या घरचा आहे : वाटणी तोंडी ठेवू नये, वारसांची नावे वेळीच सात-बारावर चढवावीत, आणि समारंभापायी शेत गहाण टाकू नये. भाऊबंदकीचा दावा शेतापेक्षा महाग पडतो.