चौदाव्या आठवड्यानंतर

शासकीय लसीकरणाच्या वेळापत्रकानुसार बाळाला घेऊन आई सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात आपल्यासमोर येते. त्यानंतर थेट नवव्या महिन्यात. प्रसूतीनंतरच्या नैराश्यातून सावरू लागलेली स्त्री नेमकी याच मधल्या काळात एकटी पडते. जरा बरे वाटू लागले की घरचे औषध थांबवतात. वास्तविक बरे झाल्यावरही किमान सहा महिने ते चालू ठेवावे लागते.

उदगीरचे माहेर आणि भालकीचे सासर असलेली अशीच एक माता मला म्हणाली, "डॉक्टर, कन्नड येतंय मला, पण रडायला मराठीच लागती."

१० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने सुरू केलेली 'टेलिमानस' सेवा तिच्या उपयोगी पडली. १४४१६ हा क्रमांक निःशुल्क व अहोरात्र. त्यावरील वीस भाषांत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. समन्वय बंगळूरच्या निम्हान्सकडे.

अडचण निराळीच असते. घरातला फोन नवऱ्याचा आणि ऐकायला सासूबाई शेजारी! (आपण मात्र 'फोन करा' असे सांगून मोकळे होतो.) म्हणून बाळाचे वजन पाहण्याच्या निमित्ताने मी तिला दर पंधरवड्यास बोलावले आणि तपासणीच्या खोलीचे दार लोटून माझाच फोन तिच्या हाती दिला. पहिल्या खेपेस ती जेमतेम चार मिनिटे बोलली. तिसऱ्या खेपेस, बाळ परिचारिकेच्या कडेवर देऊन, पाऊण तास.