आजोबांच्या नावाचे दावेदार

१७०७ सालच्या ऑक्टोबरात खेडजवळ मराठ्यांच्याच दोन फौजा एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या. एक फौज होती गादीवरच्या अल्पवयीन राजाची आणि त्याच्या वतीने कारभार करणाऱ्या त्याच्या आईची, ताराबाईंची. दुसरी होती मोगलांच्या कैदेतून नुकत्याच सुटलेल्या पंचविशीतल्या तरुणाची. दोन्हीकडच्या दावेदारांचे पाळण्यातले नाव एकच: शिवाजी. दोघेही शिवछत्रपतींचे सख्खे नातू, एक थोरल्या संभाजी महाराजांचा मुलगा, दुसरा राजाराम महाराजांचा.

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल मराठी घरांत जुनीच आहे. भोसल्यांच्या घराण्यात मात्र या चालीला राजकीय वजन आले. ज्या नावाने राज्य उभे राहिले, ते नाव लावणारा मुलगा हाच वारस, अशी भावना रयतेत आणि सरदारांत सहज रुजत होती.

संभाजी महाराजांचा हा मुलगा १६८२ मध्ये माणगावाजवळच्या गांगवलीला जन्मला. १६८९ मध्ये रायगड पडला, तेव्हा आई येसूबाईंसह तो मोगलांच्या हाती लागला आणि पुढची सुमारे अठरा वर्षे कैदेत वाढला. इतिहास त्याला शाहू म्हणून ओळखतो. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शहाजादा आझमशाहाने शाहूंना सोडले, पण तो तोतया आहे, असेच ताराबाईंनी जाहीर केले. सरदार परसोजी भोसल्यांनी त्याच्याबरोबर एका ताटात जेवून हा संशय फेडला, असे सांगतात. खेडच्या लढाईत सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि पारडे फिरले. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात शाहूंना राज्याभिषेक झाला. ताराबाईंचा शिवाजी पन्हाळ्याच्या गादीवर राहिला; पण १७१४ मध्ये त्याला बाजूला सारून ताराबाईंची सवत राजसबाई यांचा मुलगा तिथे आला. त्याचे नाव संभाजी!

म्हणजे थोरल्या संभाजींचा मुलगा साताऱ्याला, आणि त्याच्याविरुद्ध उभा असलेला चुलतभाऊ पुन्हा संभाजीच. खुद्द थोरल्या संभाजी महाराजांचे नावही शिवछत्रपतींच्या कनकगिरीला मारल्या गेलेल्या वडील बंधूंचे होते. १७३१ च्या वारणेच्या तहाने साताऱ्याची आणि करवीरची, म्हणजे पन्हाळ्याहून चाललेल्या या कोल्हापूरच्या गादीची, हद्द ठरली आणि भाऊबंदकीला काहीसा लगाम बसला.

शाहूंना औरस वारस नव्हता. १७४९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेला रामराजा छत्रपती झाला. रामराजा म्हणजे राजाराम. इथेही आजोबांचेच नाव. वर्षभरात त्याच ताराबाईंनी त्याला कैदेत टाकले आणि हा आपला नातू नव्हे, असे सांगितले. नावाच्या जोरावर गादी मिळू शकत होती, टिकवता येत नव्हती.

या साऱ्यातला सर्वांत विलक्षण प्रसंग १८८४ चा. करवीरच्या चौथ्या शिवाजींच्या विधवा राणी आनंदीबाईंनी कागलच्या घाटग्यांचा यशवंत हा मुलगा दत्तक घेतला आणि करवीरच्या गादीवर बसवताना त्याचे नाव शाहू ठेवले. करवीरची गादी ज्यांच्याशी भांडून वेगळी झाली, त्या साताऱ्याच्या छत्रपतींचे हे नाव! जुने वैर विरले होते, हे त्यातून जितके उघड दिसते तितके कोणत्याही तहनाम्यातून दिसत नाही.

करवीरच्या या शाहूंनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला. १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. राधानगरी धरणाचे काम त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाले. ‘राजर्षी’ ही पदवी त्यांना १९१९ मध्ये कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय परिषदेत मिळाली. त्याच कानपुरात आज छत्रपती शाहूजी महाराज विद्यापीठ आहे, आणि ते करवीरच्या शाहूंच्या नावाचे आहे. सामान्य वाचकाच्या मनात मात्र दोन्ही शाहू अनेकदा एकमेकांत मिसळतात. त्यात साताऱ्याच्या शाहूंचेच नुकसान अधिक होते, कारण बाळाजी विश्वनाथांना आणि पहिल्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे देणारा छत्रपती तोच होता.