ऑफ-रोडला सामान कशात बांधायचं? सॉफ्ट लगेजची गोष्ट

हेडफोन हाताशी नसतील तरी चालेल, अख्खा भाग खाली लिहून दिलाय. वाटेत नेटवर्क गेलं तर वाचा, घरी पोचल्यावर ऐका.

मे-जून जवळ आला की आपल्याकडे एक मेसेज हमखास येतो. "स्पितीला चाललोय, कुठली बॅग घेऊ?" आणि सोबत तीन-चार स्क्रीनशॉट. प्रत्येक बॅगेवर लिटरचा आकडा मोठ्ठ्या अक्षरात. ५८ लिटर, ७० लिटर, ८० लिटर. जणू काही आपण पाण्याची टाकीच घेतोय.

माझं मत विचाराल तर लिटर सगळ्यात शेवटी बघा. आधी हे बघा की गाडी पडल्यावर ती बॅग काय करते. कारण ऑफ-रोडला गाडी पडते. चांगल्या रायडरची पण पडते. फक्त कितीदा, एवढाच फरक.

पोटरी आणि पेटी

समजा तुम्ही मनालीहून काझाला निघालात. अटल टनेल ओलांडलं, कोकसर गेलं, ग्राम्फूला डांबरी रस्त्याची साथ सुटली. तिथून छतडू, बातल आणि मग साडेचार हजार मीटरच्या वर असलेला कुंझुमचा घाट. मध्ये गोटे, वाळू, आणि बर्फ वितळून आलेले नाले. दुपारनंतर ऊन वाढतं तसं या नाल्यांचं पाणीही वाढतं.

आता अशा ठिकाणी आपण काय करतो? पहिला गिअर, वेग एकदम कमी, आणि गाडी डगमगली की पाय खाली टेकवतो. अगदी आपोआप होतं ते. पण गाडी अजून पुढे जातेय. पाय मात्र दोन गोट्यांमध्ये अडकलाय. मागून काय येतं? पेटी. ॲल्युमिनियमची, कोपऱ्यांना धार असलेली, आणि तिच्यामागे गाडीचं, तुमचं आणि सामानाचं मिळून तीनशे किलो वजन. ती सरळ पोटरीवर आदळते. पाय जमीन आणि पेटीच्या मध्ये सापडतो, आणि घोटा किंवा नडगी जाते. वेग ताशी दहा किलोमीटर असला तरी जाते. आणि हे बातलच्या आसपास झालं तर हॉस्पिटल कित्येक तास लांब, त्यातला बराचसा रस्ता नेटवर्कशिवाय.

मऊ बॅग असेल तर ती दबते, वळते, पाय निसटायला जागा देते. सॉफ्ट लगेज घ्यायचं मुख्य कारण हे. स्वस्त असतं, दिसायला भारी असतं, हे सगळं नंतर.

पण यात एक ग्यानबाची मेख आहे. बॅग मऊ असते ती आतल्या सामानामुळे. बाहेरच्या बाजूला पाने-पक्कड, स्टीलची बाटली, टायर काढायच्या पहारी भरल्यात तर ती बॅग म्हणजे कापडात गुंडाळलेली पेटीच झाली. तेव्हा कडक वस्तू आत, गाडीच्या अंगाला. पायाच्या बाजूला आणि बॅगेच्या पुढच्या कडेला कपडे, टॉवेल, जॅकेट. एवढी एक सवय लावा, बाकी ब्रँड कुठलाही असो.

पेट्यांची बाजूही ऐका, नाहीतर अन्याय होईल. कुलूप लागतं, चपटा माथा टेबलासारखा वापरता येतो, शहरात गाडी सोडून निवांत जेवायला जाता येतं. गाडी आडवी झाली तर कधीकधी पेटी तिला थोडी उचलून धरते. २००४ साली 'लाँग वे राउंड' आली तेव्हापासून बीएमडब्ल्यूच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या म्हणजेच ॲडव्हेंचर, असं चित्र जगभर डोक्यात बसलं. डांबरी रस्त्यावरच्या लांब टूरला त्या खरंच सोयीच्या. पण गोट्यांत आपटल्यावर पेटी वाकते, मग झाकण नीट बसत नाही, आणि धक्का रॅकमधून सबफ्रेमला जातो. सबफ्रेम म्हणजे सीटखालचा सांगाडा. तो तडकला की ट्रिप तिथेच संपली.

वजन कुठे बसतं

ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या आणि त्यांचा लोखंडी रॅक मिळून रिकाम्यानेच साधारण पंधरा किलोच्या घरात जातात. सॉफ्ट बॅगांची जोडी तीन ते पाच किलोत बसते. म्हणजे काहीही न भरता दहा किलो वाचले. हिमालयन ४५० स्वतःच जवळपास दोनशे किलोची आहे. एक्सपल्स २०० त्यापेक्षा बरीच हलकी, १६० किलोच्या आसपास. साडेचार हजार मीटरवर, जिथे बुटाची नाडी बांधतानाही धाप लागते, तिथे पडलेली गाडी उचलायची आहे. दहा किलो किती असतात ते तेव्हा कळतं.

वजन किती याच्याइतकंच ते कुठे, हेही महत्त्वाचं. मागच्या कॅरियरवर उंच टेलबॅग आणि त्यावर तंबू, त्यावर चपला, असा मनोरा रचला की सगळा भार मागच्या चाकाच्याही मागे जातो. पुढचं चाक हलकं होतं, वाळूत हँडल भरकटतं. वळणावर गाडी उशिरा वळते आणि उशिरा सरळ होते. म्हणून जड सामान, म्हणजे हत्यारं, ट्यूब, पाणी, हे खाली आणि जमेल तितकं पुढे. स्लीपिंग बॅग, थर्मल वगैरे हलकं सामान मागे.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. ऑफ-रोडला आपण फूटपेगवर उभे राहतो आणि उतारावर कंबर मागे नेतो. टेलबॅग सीटवरच चिकटून बसली असेल तर मागे सरकायला जागाच उरत नाही. दुकानात बसून बघता तेव्हा सगळं ठीक वाटतं. उभे राहून, मागे सरकून बघा.

आता लिटर. होमस्टेमध्ये राहणार असाल तर एकट्याला ४० ते ५० लिटर पुरतात. तंबू-स्टोव्ह नेणार असाल तर ६०-७०. त्याच्यावर गेलात तर मोकळी जागा दिसते म्हणून आपण भरत जातो, तिसरी जीन्स पण जाते. जीन्स मुळात नेऊच नका, भिजली की वाळत नाही.

रॅक लावायचा की नाही

सॉफ्ट बॅगांचे ढोबळ दोन प्रकार. एक, सॅडलबॅग: सीटवरून दोन्ही बाजूंना टाकायच्या, पूर्वी घोड्यावर टाकायचे तशा. यांना बाजूला पातळ रॅक लागतो, नाहीतर बॅग हलत-हलत चाकाकडे किंवा सायलेन्सरकडे जाते. दुसरा प्रकार रॅकशिवायचा. घोड्याच्या नालेसारख्या आकाराची एकच बॅग सीटच्या मागून दोन्ही बाजूंना मिठी मारते. अमेरिकेतल्या जायंट लूप आणि मॉस्को मोटो यांच्या अशा बॅगा प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे बेंगळुरूची व्हायाटेरा आणि मुंबईची रायनॉक्स यांचं सामान बऱ्याच गाड्यांवर दिसतं. मी कोणाची जाहिरात करत नाहीये. पण भारतीय कंपनीचा एक फायदा खरा आहे: तुटलेलं बकल किंवा हरवलेला पट्टा मागवायला कस्टमच्या भानगडीत पडावं लागत नाही.

एक्सपल्स किंवा हलकी गाडी आणि जास्त दगडधोंड्यांचा रस्ता असेल तर मी रॅकशिवायच्या बाजूने आहे. हिमालयनसारखी गाडी आणि महिनाभराचा प्रवास असेल तर रॅक आणि सॅडलबॅग. मधल्या सगळ्यांनी आधी आपला सायलेन्सर बघावा.

हो, सायलेन्सर. आपल्याकडच्या बहुतेक ॲडव्हेंचर गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे वर उचललेला असतो, म्हणजे नेमका बॅग जिथे लटकते तिथे. नायलॉन वितळतं, आणि पीव्हीसी तर शंभर अंशाच्या आतच मऊ पडतं. उभ्या गाडीवर चार बोटं अंतर दिसलं म्हणून खूश होऊ नका. खड्ड्यात सस्पेन्शन दबल्यावर आणि बॅग आत ढकलली गेल्यावर किती उरतं ते बघायचं. हीट शील्ड लावा, आणि शक्य असेल तर उजवी बॅग डावीपेक्षा लहान ठेवा.

कापड, पाणी आणि तो पिवळा रेनकव्हर

बॅगेवर १००० डी, १६८० डी असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. म्हणजे आकडा मोठा तितका धागा जाड. पण धागा जाड म्हणजे बॅग वॉटरप्रूफ, असं अजिबात नाही. पाणी शिरतं ते शिलाईच्या भोकांतून आणि चेनमधून.

म्हणून शिलाई आहे की कापड उष्णतेने जोडलंय, हे विचारा. पीव्हीसी किंवा टीपीयूचा थर असलेलं कापड वितळवून जोडता येतं, मग भोकंच राहत नाहीत. टीपीयू हलकं आणि थंडीत लवचीक राहतं. पीव्हीसी स्वस्त, पण कडाक्याच्या थंडीत ताठरतं. तोंड गुंडाळायचं असेल, ज्याला रोल-टॉप म्हणतात, तर किमान तीन वेढे बसले पाहिजेत. बॅग तोंडापर्यंत भरली की दीडच वेढा बसतो, आणि मग "कंपनीने फसवलं" म्हणून ओरड.

रेनकव्हर डांबरी रस्त्यावर ठीक. ऑफ-रोडला झुडपात अडकून फाटतं. शिवाय चाकाचं पाणी खालून उडतं. ते कव्हरमध्ये साचतं आणि बॅग त्यात बसून राहते. जुलैत ताम्हिणीतून खाली कोकणात उतरून जांभ्याच्या लाल चिखलात एकदा फिरून या, कव्हर म्हणजे काय ते कळेल. तुमची बॅग शिवलेली असेल तर आत वॉटरप्रूफ पिशवी घाला. ट्रेकिंगवाले वापरतात ती ड्राय बॅग. पैसे कमी असतील तर दोन जाड प्लॅस्टिक पिशव्या, एकात एक. चालतं.

पट्टे

हुकवाल्या बंजी दोऱ्या प्लीज घरीच ठेवा. खड्ड्यात ताणल्या की हुक सुटतो, आणि सुटलेला हुक डोळ्याकडे येऊ शकतो. यात मुळीच अतिशयोक्ती नाही, अशा दोऱ्यांनी डोळ्याला गंभीर इजा झालेल्या आहेत. बकलचे रुंद पट्टे घ्या. आणि पट्ट्याचं उरलेलं टोक गुंडाळून बांधा. लोंबणारं टोक चेनमध्ये किंवा मागच्या चाकात गेलं तर चाक जागच्या जागी अडकू शकतं. दर थांब्यावर पट्टे हाताने ओढून बघायचे. चहा सांगायचा, पट्टे ओढायचे.

निघायच्या आधी

हे घरीच करा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. सगळं सामान भरून बांधा. मागे मित्राला बसवून दोन-चारदा दाबायला लावा आणि बॅग टायरला किंवा सायलेन्सरला लागते का ते वाकून बघा. इंडिकेटर, नंबरप्लेट दिसतायत ना ते बघा. मग दोघांनी मिळून गाडी जुन्या गादीवर हळूच आडवी करा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. कुठलं बकल खाली येतं, काय चेपतं, ते तिथेच कळेल. वॉचमन काका चक्रावतील, चक्रावू द्या. मग पाण्याची नळी घेऊन दहा मिनिटं खालून-वरून फवारा मारा, आत कोरडा पेपर ठेवून. शेवटी भरलेल्या गाडीवर एक दिवस खराब रस्त्यावर जाऊन या. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड वाढवावा लागेल, तो पण याच दिवशी सेट होतो.

तुमचे दोन प्रश्न

"सॉफ्ट बॅग ब्लेडने कोणी कापली तर?" कापू शकतो. कुलूप लावून हे सुटत नाही. म्हणून पाकीट, मूळ कागद, रोजची औषधं आणि फोन बॅगेत ठेवूच नका. जॅकेटच्या खिशात किंवा कमरेच्या पाऊचमध्ये. याला चोरीपेक्षा मोठं कारण आहे: गाडी दरीत किंवा नाल्यात गेली आणि तुम्ही काठावर राहिलात, तर तुमच्याजवळ तेवढंच असणार. प्रथमोपचाराची छोटी पिशवीही अंगावरच. फोनचं आणखी एक. हँडलवर लावलेल्या फोनचा कॅमेरा इंजिनच्या कंपनांनी बिघडू शकतो, हे ॲपलने २०२१ मध्येच सांगितलंय. होल्डरला डॅम्पर लावा, नाहीतर रस्ता ऐकत जा. रात्री आतली पिशवी उचलून खोलीत न्यायची. बाहेरचं कवच गाडीवर राहू दे.

"वाटेत फाटली तर?" शिवलेली नायलॉनची बॅग कोणताही मोची जाड दोऱ्याने शिवून देतो. पीव्हीसीच्या बॅगेला मात्र सुई लावू देऊ नका. पंक्चरचं सोल्यूशनही तिच्यावर नीट धरत नाही. ट्रकची ताडपत्री दुरुस्त करणाऱ्याकडे पीव्हीसीचा डिंक आणि तुकडा मिळतो. हायवेवरच्या ट्रकच्या गॅरेजांजवळ हे लोक असतात. डोंगरात शिरण्याआधीच एक तुकडा आणि छोटी ट्यूब घेऊन ठेवा, सोबत दोन जादा बकलं.

पुढच्या भागात टायरचं प्रेशर. खडीवर हवा किती कमी करायची आणि डांबरी आल्यावर परत कशी भरायची, त्यावर बोलू. तोपर्यंत ते गादीचं करून बघा आणि आधी काय तुटलं ते कळवा.