जुन्या गाडीचा दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही

डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा दिवा लागला की दोन सल्ले हमखास मिळतात : ‘स्कॅनर लावावा लागेल’ किंवा ‘सेन्सर गेलाय, बदलून टाका’. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून ओबीडी-२ ही सर्व कंपन्यांसाठी एकच असलेली तपासणी पद्धत नव्या मोटारींना सक्तीची झाली. त्याआधीच्या फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच अमेरिकी आणि जपानी गाड्यांमधला कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, आपली तक्रार त्याच दिव्याची उघडझाप करून सांगतो. ती फुकट वाचता येते. खिशाला चाट बसते ती तिचा अर्थ चुकीचा लावल्यावर.

गैरसमज : स्कॅनरशिवाय कोड वाचताच येत नाहीत.

वस्तुस्थिती : जनरल मोटर्सच्या १९८०च्या दशकातल्या आणि नव्वदीच्या पूर्वार्धातल्या बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डखाली, चालकाच्या बाजूला १२ पिनांचे सॉकेट असते. इंजिन बंद ठेवून त्यातल्या ‘ए’ आणि ‘बी’ पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या आणि चावी ‘ऑन’ करायची. दिवा एकदा चमकतो, थांबतो, मग लागोपाठ दोनदा चमकतो : हा कोड १२. तो तीनदा येतो, त्यानंतर साठवलेला प्रत्येक कोड तीन-तीनदा.

टोयोटात बॉनेटखालच्या ‘डायग्नोसिस’ असे लिहिलेल्या डबीत ‘टीई१’ आणि ‘ई१’ जोडतात. दोष नसेल तर दिवा न थांबता एका लयीत लुकलुकत राहतो. नव्वदीच्या सुरुवातीच्या अनेक होंडा गाड्यांत डॅशबोर्डखाली दोन पिनांचा कनेक्टर असतो. तिथे लांब चमक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. त्या काळच्या क्रायस्लरला तर वायरही लागत नाही. पाच सेकंदांच्या आत चावी ऑन-ऑफ-ऑन-ऑफ-ऑन केली की दिवा कोड सांगू लागतो. ५५ आला की यादी संपली.

गैरसमज : कुठल्याही सॉकेटच्या दोन पिना जोडल्या की काम होते.

वस्तुस्थिती : हा प्रकार धोक्याचा आहे. ओबीडी-२च्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये १६ क्रमांकाच्या पिनेवर चावी बंद असतानाही थेट बॅटरीचा प्रवाह असतो. ४ आणि ५ या पिना अर्थिंगच्या. चुकीची जोडी लागली तर फ्यूज उडतो, वेळ वाईट असेल तर वायरिंगही जळते. टोयोटाच्या जुन्या डबीतही बॅटरीची पिन असते. म्हणून त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधली आकृती पाहिल्याशिवाय वायर लावू नये.

भारतात गुंता थोडा वेगळा आहे. प्रीमियर पद्मिनीसारख्या कार्ब्युरेटरच्या गाडीत कॉम्प्युटरच नाही, मग कोड कुठून येणार? २०००च्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या, गाड्या सर्रास दिसू लागल्या, पण ओबीडीची सक्ती भारत स्टेज-४ बरोबर २०१० पासून आली आणि तिचा दुसरा टप्पा २०१३ मध्ये. मधल्या दशकातल्या गाड्यांत कंपनीची स्वतःची पद्धत असू शकते. १६ पिनांचे सॉकेट दिसले तरी बाजारातला स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर तिथे मुका राहतो, तो याचमुळे.

गैरसमज : कोडचा आकडा सगळ्या गाड्यांत एकच अर्थ सांगतो.

वस्तुस्थिती : एकट्या १२चेच पाहा. जनरल मोटर्सच्या गाडीत इंजिन बंद असताना तो यायलाच हवा. इंजिन फिरत नाही आणि तपासणी चालू आहे, एवढेच तो सांगतो. सुझुकीच्या त्या काळच्या गाड्यांत १२ म्हणजे सगळे ठीक. क्रायस्लरमध्ये तो बॅटरी अलीकडे काढली होती याची नोंद देतो. टोयोटात मात्र १२ हा खरा दोष आहे : इंजिन फिरल्याचा सिग्नल ईसीएमला मिळत नाही. इंजिनाच्या मुख्य दोषांना सर्वांसाठी समान क्रमांक मिळाले ते ओबीडी-२ आल्यावर.

गैरसमज : बॅटरीची वायर काढली की दोष गेला.

वस्तुस्थिती : दिवा विझतो, दोष तिथेच राहतो. शिवाय पेट्रोलचे प्रमाण ठरवताना ईसीएमने शिकून ठेवलेली माहितीही पुसली जाते, त्यामुळे गाडी काही काळ आयडलिंगला अडखळू शकते. कोड आधी कागदावर उतरवून घ्यावेत, मग पुसून गाडी नेहमीसारखी चालवावी. लगेच परतणारा कोड म्हणजे दोष आत्ताही हजर आहे. जो परतत नाही, तो बहुधा सैल कनेक्टर किंवा अधूनमधून तुटणाऱ्या संपर्काचा असतो.

गैरसमज : कोड नाही म्हणजे इंजिन ठणठणीत.

वस्तुस्थिती : जुना ईसीएम मुख्यतः आपल्या सेन्सरच्या विद्युतमंडलांवर लक्ष ठेवतो. झिजलेले स्पार्क प्लग, कमी कॉम्प्रेशन, बिघडलेले व्हॉल्व्ह क्लिअरन्स त्याला थेट दिसत नाहीत. मिसफायरवर नजर ठेवण्याची सक्तीसुद्धा ओबीडी-२ बरोबरच आली.

गैरसमज : कोड म्हणजे बदलायच्या पार्टचे नाव.

वस्तुस्थिती : सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. जनरल मोटर्सचा कोड ४४ सांगतो की ऑक्सिजन सेन्सरला एक्झॉस्टमध्ये जास्त ऑक्सिजन दिसतो आहे. लोक सेन्सर बदलतात. पण कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप, कमी फ्युएल प्रेशर किंवा सेन्सरच्या आधी गळणारा एक्झॉस्ट हेही असू शकते. अशा वेळी सेन्सर बिचारा खरेच बोलत असतो.

जनरल मोटर्सच्याच गाड्यांतले कूलंटच्या तापमान सेन्सरचे दोन कोड पाहिले की तपासणी कशी करायची ते कळते. या सेन्सरचा रोध तापमान वाढले की घटतो : २० अंशांना सुमारे साडेतीन हजार ओहम, १०० अंशांना दोनशेच्याही आत. सिग्नलचा व्होल्टेज फार खाली गेला तर कोड १४, फार वर गेला तर १५. समजा १४ आला. सेन्सरचा कनेक्टर काढा, कोड पुसा आणि इंजिन थोडा वेळ चालवून पुन्हा वाचा. आता १५ आला तर वायर आणि ईसीएम धड आहेत, सेन्सर आतून शॉर्ट झाला आहे. कनेक्टर काढूनही १४च आला तर सेन्सरला हात लावू नका. दोष वायरिंगमध्ये किंवा ईसीएममध्ये आहे. मूळ कोड १५ असेल तर उलट करायचे : काढलेल्या कनेक्टरच्या वायरिंगकडच्या दोन पिना एकमेकींना जोडून १४ येतो का ते पाहायचे. आला तर सेन्सर बदला. नाही आला तर तुटलेली वायर शोधा.

एवढ्या तपासणीला वायरचा तुकडा पुरतो. साध्या मल्टीमीटरने सेन्सरचा रोध मोजला की शंकेला जागा उरत नाही. सुट्या भागांच्या दुकानाची पायरी चढायची ती त्यानंतर.