चेंडू ठेवायचा की पुढे टाकायचा?

२०२०-२१च्या इंडियन सुपर लीगची साखळी फेरी संपली तेव्हा गुणतक्त्याच्या माथ्यावर दोन संघ बरोबरीने उभे होते. मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान, दोघांचेही ४० गुण. दोघांनीही २० सामन्यांपैकी १२ जिंकले, ४ बरोबरीत सोडवले, ४ गमावले. मुंबईने ३५ गोल केले आणि १८ स्वीकारले. बागानने २८ केले आणि १५ स्वीकारले.

आकडे इतके जवळचे असूनही हे संघ परस्परविरुद्ध विचारांनी खेळत होते. मुंबईचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा चेंडू आपल्याकडे ठेवणाऱ्यांच्या पंथातले. बागानचे अंतोनियो लोपेझ हाबास यांना चेंडू बराच वेळ समोरच्याकडे असला तरी चालत असे. तो हिसकावला की दोन-तीन पासांत आक्रमक रॉय कृष्णापर्यंत पोचला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. दोघेही स्पॅनिश आणि दोघांनीही भारतात मोठा काळ काढलेला.

मधल्या फळीवर हुकूमत की थेट हल्ला, हा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा आवडीनिवडीच्या पातळीवर होतो. एकाला विणलेला खेळ आवडतो, दुसऱ्याला धडक. प्रशिक्षकाला मात्र प्रत्येक निवडीची किंमत मोजावी लागते. तो हिशेब समजून घ्यायला हा हंगाम आणि त्यामागची लोबेरांची गोव्यातली तीन वर्षं यांच्याइतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही.

हिशेब नेमका कशाचा?

मैदानात दहा खेळाडू आणि एक गोलरक्षक. मधल्या फळीत एक माणूस वाढवला की पास द्यायला एक वाट जास्त मिळते आणि चेंडू सहजी जात नाही. पण तेवढाच एक माणूस प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर कमी पडतो. चेंडू पाच-सहा पासांनी पुढे नेला तर आपली फळी एकत्र सरकते आणि चेंडू गेला तरी तो परत मिळवायला माणसं जवळ असतात. पण त्याच वेळात समोरचा संघही सावरतो आणि गोलसमोर भिंत उभी राहते. चेंडू एकदम लांब टाकला तर ती भिंत उभी राहण्याआधी हल्ला होतो. मात्र असे बहुतेक पास वाया जातात आणि आपला संघ दोन तुकड्यांत विभागला जातो.

याखेरीज एक लपलेली किंमत आहे. चेंडू खेळवणारा संघ आपले दोन्ही बाजूचे बचावपटू वर चढवतो. मागे उरतात दोन मध्यरक्षक, म्हणजे बचावाच्या मधोमध उभे राहणारे दोघे, आणि त्यांच्या पाठीशी मोकळं मैदान. मधल्या फळीत एक पास चुकला की त्या मोकळ्या जागेत शर्यत लागते. म्हणून या पद्धतीत सर्वांत महागडी चूक बहुतेक वेळा आक्रमकाची नसते, ती मध्यरक्षकांपुढे चेंडू सांभाळणाऱ्या खेळाडूची असते.

हा हिशेब कागदावर मांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. हवाई दलातले विंग कमांडर चार्ल्स रीप यांनी १९५० मध्ये सामना पाहता पाहता प्रत्येक चालीची नोंद करायला सुरुवात केली. १९६८ साली संख्याशास्त्रज्ञ बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह त्यांनी रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात निष्कर्ष छापले. सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात, हे त्यातलं सर्वाधिक गाजलेलं विधान. इंग्लंडमध्ये पुढची कित्येक वर्षं लांब चेंडूच्या खेळाला याच आकड्याचा आधार दिला गेला.

पण त्याच नोंदींत दुसरा आकडा होता. फुटबॉलमधल्या एकूण चालींपैकी ९० टक्क्यांहून अधिक चाली मुळातच तीन किंवा त्याहून कमी पासांच्या असतात. म्हणजे लहान चालींचा वाटा प्रयत्नांत ९० टक्क्यांवर आणि गोलांत ८०च्या आसपास. हा हिशेब अधिक पासांच्या चालींच्याच बाजूने झुकतो. पुढच्या अभ्यासकांनी ही चूक दाखवून दिली. तोवर एका पिढीचं प्रशिक्षण त्या अर्धवट वाचलेल्या आकड्यावर होऊन गेलं होतं.

गोव्यातली तीन वर्षं

लोबेरा २०१७ मध्ये एफसी गोवाचे प्रशिक्षक झाले. बार्सिलोनाच्या युवा संघांसोबत त्यांनी काम केलेलं, पुढे लास पाल्मास आणि मोरोक्कोतल्या मोघ्रेब तेतुआन या संघांचं प्रशिक्षकपद भूषवलेलं. तेतुआनकडून खेळलेला अहमद जाहू त्यांच्या गोव्यातल्या मधल्या फळीचा कणा झाला. पुढे फेरान कोरोमिनास, म्हणजे गोवेकरांचा लाडका कोरो.

ही जमीन पासांच्या खेळाला नवी नव्हती. अर्मांडो कोलासो यांच्या धेंपो संघाने राष्ट्रीय साखळीची पाच विजेतेपदं मिळवली होती आणि चेंडू जमिनीवर ठेवून खेळणं ही त्या संघाची ओळख होती. धेंपोतच वाढलेला मंदार राव देसाई लोबेरांच्या हाताखाली डाव्या बगलेवरचा आक्रमक न राहता डावा बचावपटू झाला. या एका बदलात लोबेरांची सगळी भूमिका दिसते: बचावाच्या जागेवरही आक्रमकाचे पाय हवेत, कारण चाल तिथूनच सुरू होते.

पहिल्या हंगामात गोव्याने १८ साखळी सामन्यांत ४२ गोल केले. कोरोने एकट्याने १८. पण संघाने २८ गोल स्वीकारले, सहा सामने हरला आणि उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडून गारद झाला. पुढच्या वर्षी केलेले गोल ३६वर उतरले, पण स्वीकारलेलेही २०वर आले. त्या वर्षी गोवा अंतिम फेरीत पोचला.

१७ मार्च २०१९. मुंबईत अंधेरीच्या मैदानावर बेंगळुरूविरुद्ध ९० मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत जाहू दुसऱ्या पिवळ्या कार्डामुळे बाहेर गेला आणि ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर बेंगळुरूच्या राहुल भेकेने हेडर मारला. बेंगळुरू १, गोवा ०. चेंडू सर्वाधिक सुंदर खेळवणारा संघ एका कॉर्नरवर हरला. पुढच्या महिन्यात गोव्याने सुपर कप जिंकला, पण लीगचा चषक हुकला तो हुकलाच.

तिसऱ्या हंगामात साखळीचे तीन सामने उरले असताना लोबेरांना पदावरून दूर करण्यात आलं. क्लिफर्ड मिरांडा यांनी सूत्रं घेतली, गोवा ४६ गोलांसह साखळीत पहिला आला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीचं तिकीट मिळवणारा पहिला भारतीय क्लब ठरला. उपांत्य फेरीत मात्र चेन्नईयिनने दोन सामन्यांत मिळून ६-५ असं हरवलं. दोन सामन्यांत पाच गोल करूनही बाहेर पडावं लागतं, हेच या पद्धतीचं मर्म आणि हीच तिची व्यथा.

मुंबईत बदललेलं प्रमाण

२०२०च्या ऑक्टोबरमध्ये लोबेरा मुंबईकडे आले. जाहू, ह्यूगो बूमूस, मूर्तादा फॉल आणि मंदार राव देसाई हे गोव्याचे चार खेळाडूही मुंबईच्या रंगात दिसले. गोव्याचीच आवृत्ती मुंबईत निघाली असं तेव्हा अनेकांना वाटलं. आकडे वेगळं सांगतात.

गोव्यात पहिल्या वर्षी सामन्यामागे सरासरी २.३ गोल होत होते आणि १.६च्या आसपास स्वीकारले जात होते. मुंबईत केलेल्या गोलांची सरासरी १.७५वर आली आणि स्वीकारलेल्या गोलांची ०.९वर. लोबेरांनी सामन्यामागे अर्ध्या गोलाहून थोडं अधिक सोडून दिलं, पण त्या बदल्यात त्याहून जास्त वाचवलं.

हे साधलं कसं? हेर्नान सांताना हा मुळात मधल्या फळीतला खेळाडू. त्याला फॉलच्या जोडीला मध्यरक्षक म्हणून खेळवलं गेलं. मागूनच चांगला पास निघू लागला आणि जाहूवरचा भार हलका झाला. जाहू दोघांच्या मधे उतरून चेंडू घेई आणि डोकं वर करून लगेच बगलेवर लांब, तिरका पास टाकी. तिथे बिपिन सिंग धावत असे. म्हणजे जाहूच्या पायाशी संयम होता आणि त्याच्याच पायातून घाईही निघत होती. शिवाय फ्री-किक आणि कॉर्नरवर फॉलच्या उंचीचा पुरेपूर वापर. अंधेरीत ज्या हत्याराने हरवलं होतं, ते आता लोबेरांच्या हाती होतं.

त्या वर्षी साथीमुळे सगळे सामने गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर, प्रेक्षकांविना झाले. माझ्या मते या पद्धतीला त्याचा फायदाच झाला. भरलेल्या मैदानात चेंडू मागे दिला की आरडाओरडा होतो आणि खेळाडू घाईने पुढे टाकतो. रिकाम्या मैदानात मागे पास देण्याचं धैर्य टिकवणं सोपं होतं.

तीन लढती, पाच गोल

मुंबई आणि बागान त्या हंगामात तीनदा भिडले आणि तिन्ही वेळा मुंबई जिंकली. मुंबईचे पाच गोल कसे झाले ते पाहिलं तर सगळा वादच नव्याने मांडावा लागतो.

११ जानेवारीला १-० असा विजय. बूमूसच्या पासावर आक्रमक ओगबेचेचा गोल. विणलेल्या खेळातून आलेला हा एकच. २८ फेब्रुवारीच्या निर्णायक लढतीत २-०. पहिला गोल जाहूच्या फ्री-किकवर फॉलच्या हेडरने, दुसरा सांतानाची फ्री-किक आडव्या खांबाला लागून परतली तिच्यावर ओगबेचेने केलेला. गुण समान, पण आपसातल्या लढतींच्या जोरावर साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाची लीग शील्ड मुंबईला.

१३ मार्चला फातोर्ड्यावर अंतिम सामना. अठराव्या मिनिटाला जाहू आपल्या बॉक्सजवळ चेंडूवर जरा जास्त रेंगाळला, कृष्णाने तो हिसकावला, डेव्हिड विल्यम्सने गोल केला. हाबास यांनी हंगामभर जे मांडलं होतं ते एका क्षणात सिद्ध झालं. २९व्या मिनिटाला त्याच जाहूने बिपिनच्या दिशेने लांब चेंडू टाकला आणि तो काढायला गेलेल्या बागानच्या बचावपटू तिरीच्या डोक्याला लागून चेंडू त्याच्याच जाळ्यात गेला. ९०व्या मिनिटाला पुढे आलेल्या चेंडूवर गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्यचा अंदाज चुकला, ओगबेचेने चेंडू मिळवून बिपिनला दिला आणि मुंबई २-१.

पाचांपैकी दोन गोल फ्री-किकवर, दोन पुढे टाकलेल्या चेंडूंवर. ताब्याचा संघ थेट खेळणाऱ्या संघाला थेट गोलांनी हरवत होता.

मग ताबा कशासाठी होता? मुंबई खेळ बागानच्या अर्ध्यात नेत होती, म्हणून फ्री-किक तिथे मिळत होत्या. बागानचे बचावपटू सतत बाजू बदलत सरकत होते, म्हणून लांब पास आला तेव्हा ते गोलकडे तोंड करून धावत होते. हंगामभर पासांचा पाठलाग केलेल्या फळीकडून ९०व्या मिनिटाला चूक होते, हा निव्वळ योगायोग मी मानत नाही. ताब्याने थेट पासाची किंमत वाढवली होती.

हाबास यांची बाजू मात्र दुबळी समजू नये. ते एटीकेला २०१४ आणि २०१९-२० अशी दोनदा विजेतेपदं मिळवून देणारे प्रशिक्षक. तिरी, संदेश झिंगन, प्रीतम कोटल यांच्या भक्कम बचावामागे चूक करायला जागाच नव्हती आणि कृष्णाने त्या हंगामात १४ गोल केले. ज्या संघाकडे एकटा चेंडू नेऊन गोल करणारा आक्रमक आहे, त्याने मधल्या फळीत वेळ का घालवावा? हा रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर हाताशी कोण खेळाडू आहेत यावरच मिळतं.

आपल्या मुलांना कोणती जागा?

इथे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते बोलतो. तेव्हाच्या नियमानुसार मैदानात पाच परदेशी खेळाडू चालत. मुंबईचा कणा, म्हणजे फॉल, सांताना, जाहू, बूमूस आणि आक्रमक, बहुतेक वेळा परदेशीच असे. मंदार, बिपिन, अमेय रानवडे ही आपली मुलं बगलांवर. धावण्याची कामं भारतीयांकडे, विचाराची जागा परदेशी माणसाकडे, अशी ही वाटणी अनेक क्लबांत होती. पुढच्या हंगामापासून परदेशी खेळाडूंची मर्यादा चारवर आली. मुंबईने मिझोरामच्या लालेंगमाविया, म्हणजे आपुइया, याला मधल्या फळीत उभं केलं. डेस बकिंगहॅम प्रशिक्षक असताना २०२२-२३ची शील्ड ४६ गुणांनी जिंकणाऱ्या संघात तो होता. २०२४ मध्ये कोलकात्यात बागानला ३-१ असं हरवून चषक जिंकणाऱ्या संघातही होता. तोवर जाहू मुंबई सोडून गेलेला होता.

आशियाई पातळीवर थांबलेल्या चेंडूचं मोल पुन्हा दिसलं. ११ एप्रिल २०२२ रोजी मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असं हरवलं. चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा हा पहिला विजय. एक गोल पेनल्टीवर, दुसरा कॉर्नरवर, आता मुंबईकडून खेळणाऱ्या राहुल भेकेच्या हेडरने. बलाढ्य संघासमोर ताबा कमी मिळतो, तेव्हा प्रत्येक थांबलेला चेंडू सोन्याच्या मोलाचा ठरतो.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ भिडतात, मुंबईच्या कूपरेजवर शाळांचे सामने होतात, गोव्यात गावोगावी मैदानं आहेत. या प्रत्येक ठिकाणी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला मधल्या फळीत उभं करताना प्रशिक्षकाने दोन गोष्टी एकत्र शिकवाव्यात: दबावाखाली चेंडू कसा ठेवायचा आणि तो सोडायची वेळ कशी ओळखायची. पहिली एकटी शिकवली तर मुलगा रेंगाळतो, दुसरी एकटी शिकवली तर तो चेंडू उडवत बसतो. आणि त्या मुलाने आपल्या गोलजवळ एकदा चेंडू गमावला म्हणून त्याला पुढच्या सामन्यात बसवू नये. अंतिम सामन्यात जाहूच्या चुकीवर गोल झाला, तरी अकरा मिनिटांनी लांब पास टाकायला तोच मैदानात होता, आणि तो पास टाकायची त्याला मुभा होती. खेळाडूवरचा हा भरवसा कुठल्याही रचनेच्या आकृतीत दिसत नाही. तो प्रशिक्षकाला आधीच, चूक होण्यापूर्वी, द्यावा लागतो.