एकच गाडी, पंचवीस देश: ए-वन ग्रां प्रीचं यंत्र कसं चालायचं

फॉर्म्युला वनचा हंगाम मार्चच्या आसपास सुरू होतो आणि युरोपात थंडी पडायच्या सुमाराला आटोपतो. मधले काही महिने ट्रॅक, मेकॅनिक, चालक बऱ्यापैकी मोकळे असतात. त्याच वेळी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत ऐन उन्हाळा असतो; मलेशिया, इंडोनेशिया, दुबईत तर थंडीचा प्रश्नच येत नाही. दुबईच्या राजघराण्यातले शेख मक्तूम हशर मक्तूम अल मक्तूम यांनी हा रिकामा काळ हेरला आणि 2004 मध्ये ए-वन ग्रां प्री या नव्या मालिकेची घोषणा केली. 25 सप्टेंबर 2005 ला इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅच या ट्रॅकवर तिच्या पहिल्या शर्यती झाल्या. 3 मे 2009 ला त्याच ट्रॅकवर शेवटच्या.

चार हंगामांत हा खेळ संपला आणि आज मोटार शर्यती आवडीनं पाहणाऱ्यांनाही तो फारसा आठवत नाही. मला मात्र तो ओपन-व्हील शर्यतींतला सर्वांत विचारपूर्वक रचलेला प्रयोग वाटतो. तो बुडाला ते त्याच्या रचनेतल्या एका विशिष्ट जागी. ती जागा सापडायची तर हे यंत्र सुटं करून, एकेक भाग हातात घेऊन पाहावं लागतं.

पहिला भाग गाडीचा. ओपन-व्हील म्हणजे जिची चाकं बॉडीच्या बाहेर उघडी असतात, मडगार्ड नसतं आणि चालकासाठी मधोमध एकच जागा असते, अशी शर्यतीची गाडी. पुढच्या आणि मागच्या बाजूला पंखासारखे विंग असतात. विमानाचा पंख हवेच्या जोरावर विमान उचलतो. इथे पंख उलटा बसवलेला असतो, त्यामुळे वेग वाढला की गाडी जमिनीवर दाबली जाते आणि वळणावर टायर सुटत नाहीत. याची एक किंमत असते. पुढची गाडी हवा घुसळून मागे सोडते. त्या घुसळलेल्या हवेत मागच्या गाडीच्या पंखांना पकड मिळत नाही, म्हणून ती वळणावर मागे पडते, आणि पुढे सरळ रस्ता आला तरी ओव्हरटेक करण्याइतकी जवळ आलेली नसते. त्या काळच्या फॉर्म्युला वनमध्ये हीच मोठी तक्रार होती.

ए-वनची गाडी ही तक्रार लक्षात ठेवून बनवली गेली. इंग्लंडमधल्या हंटिंग्डनच्या लोला कंपनीनं ती तयार केली, तिचं नाव बी05/52. इंजिन झायटेक कंपनीचं: 3.4 लिटरचं व्ही-8, ताकद सुमारे 520 अश्वशक्ती. फॉर्म्युला वनची इंजिनं तेव्हा 900 च्या आसपास होती, म्हणजे इथे मुद्दाम कमी ताकदीवर समाधान मानलं होतं. टायर मात्र गुळगुळीत होते, ज्यांना स्लिक म्हणतात. फॉर्म्युला वनमध्ये 1998 पासून 2008 पर्यंत टायरवर खाचा पाडण्याची सक्ती होती. खाचांमुळे रस्त्याला टेकणारं रबर कमी होतं आणि गाडी पकडीसाठी पंखांवर जास्त अवलंबून राहते. स्लिकचं रबर पूर्ण रुंदीनं टेकतं. पकड हवेऐवजी रबराकडून मिळाली, तर पुढच्या गाडीनं घुसळलेल्या हवेचा त्रास तेवढा कमी होतो.

त्यावर आणखी एक सोय होती. स्टिअरिंगवर पॉवरबूस्टचं एक बटण असे. ते दाबलं की काही क्षण सुमारे 30 अश्वशक्ती जास्त मिळायची. लहान शर्यतीत ते चार वेळा आणि मोठ्या शर्यतीत आठ वेळाच वापरता यायचं. अमेरिकेतल्या चॅम्प कार मालिकेनं अशी सोय 2004 मध्ये आधीच आणली होती, त्यामुळे ही कल्पना ए-वनची स्वतःची नव्हे. पण मोजक्या वेळाच वापरता येणारं बटण हल्ल्यासाठी खर्चायचं की बचावासाठी राखायचं, हा हिशेब चालकाला करावा लागे, आणि तो चुकला की जागा जायची.

दुसरा भाग देशांचा. ओपन-व्हील शर्यतींत संघ कंपन्यांचे किंवा मालकांचे असतात आणि विजेतेपद चालकाचं असतं. ए-वनमध्ये गुण चालकाला मिळतच नसत, ते देशाच्या खात्यात जमा होत. चालकाकडे त्या देशाचा पासपोर्ट असणं बंधनकारक होतं. हंगामात चालक बदलला तरी चाले, गुण चालूच राहत. जागतिक मोटार क्रीडा महासंघाची मान्यता मिळालेल्या या मालिकेची जाहिरात मोटार शर्यतींचा विश्वचषक अशीच होती. पहिल्या हंगामात 25 देश उतरले. त्यांत फ्रान्स, इटली, ब्रिटन, ब्राझील हे अपेक्षित देश होते, आणि लेबनॉन, पाकिस्तान, इंडोनेशिया, मलेशिया, चीन, भारत हेही होते. फॉर्म्युला वनच्या दारात यांच्यापैकी बहुतेकांना उभंही राहता आलं नसतं.

देशाचा संघ म्हणजे सरकारी संघ नव्हे. प्रत्येक देशाची जागा एखाद्या गुंतवणूकदाराला फ्रँचायझी म्हणून विकली जायची. ब्राझीलच्या संघामागे फुटबॉलपटू रोनाल्डो आणि फॉर्म्युला वनचे माजी विजेते इमर्सन फिटिपाल्डी होते, पोर्तुगालमागे लुईस फिगो, ब्रिटनमागे जॉन सर्टीज, ऑस्ट्रेलियामागे अ‍ॅलन जोन्स. नावं मोठी होती. ट्रॅकवर गाडीची देखभाल करणारी माणसं मात्र पुष्कळ वेळा युरोपातल्या व्यावसायिक संघांचीच असत.

आता शर्यतीचे दिवस. शुक्रवारी सराव, त्यात नवख्या चालकांसाठी वेगळा वेळ. शनिवारी पात्रता फेरी, पंधरा मिनिटांच्या चार तुकड्यांत. रविवारी दोन शर्यती. पहिली, स्प्रिंट, छोटी. तिची सुरुवात चालत्या गाड्यांनी व्हायची. दुसरी, फीचर, मोठी. तिला सगळ्या गाड्या जागेवर थांबून सुटायच्या आणि पिटमध्ये येऊन टायर बदलणं सक्तीचं होतं. पहिल्या हंगामात दोन्ही शर्यतींत पहिल्या दहांना 10 पासून 1 पर्यंत गुण मिळत. स्प्रिंटमध्ये फसलेला संघ दुपारी फीचरमध्ये सावरू शकायचा. ब्रँड्स हॅचच्या पहिल्याच रविवारी ब्राझीलच्या नेल्सन पिके ज्युनिअरनं दोन्ही शर्यती जिंकल्या.

इथपर्यंत यंत्र सुबक दिसतं. सगळ्यांना एकच गाडी, तेच इंजिन, तेच टायर; म्हणजे फरक फक्त चालकाचा, अशी या रचनेची मांडणी होती. प्रत्यक्षात पहिल्या हंगामातल्या निम्म्याहून अधिक शर्यती एकट्या फ्रान्सनं जिंकल्या. असं का व्हावं? गाडी सारखी असली तरी ती बसवायची पद्धत सारखी नसते. पंखाचा कोन किती, स्प्रिंग किती कडक, टायरमध्ये हवा किती, चाकाचा कल किती, हे प्रत्येक ट्रॅकवर प्रत्येक संघ स्वतः ठरवतो. फ्रान्सकडे अलेक्झांडर प्रेमा आणि निकोला लापिएर हे खालच्या फॉर्म्युलांत तावून-सुलाखून निघालेले चालक होते, आणि मागे दाम्स या संघाचे अनुभवी अभियंते. एकाच साच्यातली गाडी दिली की पैशानं विकत मिळणारा फायदा बराचसा नाहीसा होतो, अनुभवाचा फायदा मात्र तसाच राहतो. एकसारख्या गाड्यांच्या कोणत्याही मालिकेकडे पाहताना हे ध्यानात ठेवावं.

तरीही या रचनेनं जे दिलं ते थोडं नव्हतं. 2006-07 मध्ये जर्मनी जिंकला, मुख्यतः निको हुल्केनबर्ग या तरुण चालकाच्या जोरावर. पुढे तो फॉर्म्युला वनमध्ये गेला. त्या आणि पुढच्या हंगामात न्यूझीलंड दुसरा आला. 2007-08 चं विजेतेपद स्वित्झर्लंडनं मिळवलं. 1955 च्या ल मान शर्यतीत प्रेक्षकांचा मोठा संहार झाल्यानंतर ज्या देशानं स्वतःच्या भूमीवर ट्रॅकवरच्या मोटार शर्यतींवर बंदी घातली, तोच हा देश. त्याचा चालक नील जानी. त्याचे वडील भारतीय. 2016 मध्ये पोर्शच्या गाडीतून ल मानची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या तिघांपैकी तो एक.

आणि भारत. पहिल्या हंगामात करुण चंढोक आणि अरमान इब्राहिम यांनी आपली गाडी चालवली, पण हाती फार लागलं नाही. 2007-08 मध्ये नारायण कार्तिकेयन आला. 2005 मध्ये तो जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला होता. ती गाडी रांगेच्या शेवटी धावणारी होती. तिच्यातून चालकाचं पाणी जोखणंच अवघड. ए-वनमध्ये त्याच्या हातात इतरांसारखीच गाडी आली. डिसेंबर 2007 मध्ये चीनमधल्या झुहाईच्या ट्रॅकवर त्यानं फीचर शर्यत जिंकली, आणि मे 2008 मध्ये ब्रँड्स हॅचला पोल पोझिशनवरून, म्हणजे सर्वांत पुढच्या जागेवरून, सुटून पुन्हा एकदा फीचर जिंकली. बरोबरीची गाडी मिळाली तर भारतीय चालक जगाच्या पुढे जाऊ शकतो, याचा याहून स्वच्छ पुरावा तोवर मिळाला नव्हता. आपल्याकडे त्याची हवी तेवढी दखल घेतली गेली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग बिघडलं कुठे?

पहिली अडचण प्रेक्षकाची. क्रिकेटमध्ये किंवा फुटबॉलमध्ये देशाची भावना आधी असते आणि सामना नंतर येतो. मोटार शर्यतींचा प्रेक्षक चालकावर जीव लावतो, नाहीतर गाडीच्या कंपनीवर. ए-वनमध्ये गाड्या सगळ्या एकाच घरातल्या आणि चालक हंगामात बदलत राहणारे. ज्याच्यासाठी रविवारी टीव्ही लावायचा तो माणूस पुढच्या फेरीत असेलच याची खात्री नाही.

दुसरी अडचण घाईची. नोव्हेंबर 2006 मध्ये बीजिंगमध्ये शहरातल्या रस्त्यांवर शर्यत ठेवली होती. तिथलं एक वळण इतकं अरुंद निघालं की गाड्यांना ते एका दमात घेताच येईना. आखणी आणि प्रत्यक्ष यांत असं अंतर वारंवार पडू लागलं की टीव्हीवाले आणि प्रायोजक दोघेही सावध होतात.

पण खरी मेख तिसऱ्या जागी होती, आणि ती पैशाची. साधारण पद्धतीत प्रत्येक संघ आपली गाडी आपल्या पैशानं बनवतो. एक संघ बुडाला तर एक संघ कमी होतो, शर्यत होते. ए-वनमध्ये गाड्यांची खरेदी, त्यांचे सुटे भाग, सगळा ताफा विमानानं एका खंडातून दुसऱ्या खंडात नेणं, टीव्हीचं चित्रण, हे सगळं मालिकेच्या मध्यवर्ती कंपनीच्या अंगावर होतं. म्हणूनच लेबनॉनला आणि पाकिस्तानला येणं परवडत होतं. गरीब संघाचा भार उचलणारा खांब एकच होता, आणि त्याला टेकू द्यायला वाढतं उत्पन्न हवं होतं. ते आलं नाही. 2006 मध्ये शेख मक्तूम बाजूला झाले आणि त्यांचे दक्षिण आफ्रिकी भागीदार टोनी टेक्सेरा यांच्याकडे सूत्रं गेली.

टेक्सेरांनी धाडसी डाव टाकला. 2007 च्या ऑक्टोबरमध्ये फेरारीशी सहा वर्षांचा करार जाहीर झाला. नवी गाडी फेरारीच्या 2004 च्या फॉर्म्युला वन गाडीवर बेतलेली असणार होती, इंजिन 4.5 लिटरचं व्ही-8, सुमारे 600 अश्वशक्तीचं. नाव जगातलं सर्वांत मोठं. पण लोलाच्या तयार, चालत्या गाड्या बाजूला ठेवून सगळा ताफा नव्यानं उभा करण्याचा खर्च त्याच एका खांबावर पडला. गाड्या वेळेत तयार झाल्या नाहीत. इटलीतल्या मुजेलोची पहिली फेरी रद्द करावी लागली. ऑक्टोबर 2008 मध्ये नेदरलँड्सच्या झांडफोर्टला हंगाम सुरू झाला तेव्हाही सगळ्या संघांपर्यंत गाड्या पोचल्या नव्हत्या. त्याच महिन्यात जगभरचे शेअर बाजार कोसळत होते. पहिल्या हंगामात 11 फेऱ्या झाल्या होत्या, या हंगामात 7 झाल्या. अ‍ॅडम कॅरोलनं आयर्लंडला विजेतेपद मिळवून दिलं. त्याला फॉर्म्युला वनची एकही शर्यत कधी मिळाली नाही.

जून 2009 मध्ये मालिकेची ब्रिटनमधली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पुढचा हंगाम ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टवर सुरू व्हायचा होता. तिथे तयारी झालेली होती, पण गाड्या ब्रिटनमध्ये अडकून पडल्या आणि ए-वन आलीच नाही. त्या आठवड्यात स्थानिक व्ही-8 सुपरकार्सनी एकट्यानं कार्यक्रम निभावला. इथे रचनेतली ती जागा उघडी पडते: सगळ्या गाड्या एकाच मालकाच्या असतील, तर एका कुलपात सगळी मालिका अडकते. एकाही देशाचा संघ स्वतःची गाडी घेऊन ट्रॅकवर येऊ शकत नव्हता.

याच सुमारास फुटबॉल क्लबांच्या नावानं सुपरलीग फॉर्म्युला निघाली होती. लिव्हरपूल, आंदरलेख्त, बीजिंग गुओआन अशा नावांच्या गाड्या, 750 अश्वशक्तीची व्ही-12 इंजिनं. तीही 2008 ते 2011 इतकीच टिकली, आणि शेवटच्या हंगामात क्लब सोडून देशांच्याच नावांकडे वळली.

लोलाच्या जुन्या गाड्यांना पुढे युरोपात ऑटो जीपी या मालिकेत काम मिळालं, 2010 पासून. गाडी चांगली होती याचं हे प्रमाणपत्रच.

आपल्याकडे 2022 पासून इंडियन रेसिंग लीग सुरू आहे. तिथली गाडी वेगळ्या जातीची आहे, पण रचना ओळखीची: सर्वांना एकसारखी गाडी आणि शहरांच्या किंवा राज्याच्या नावाचे संघ, त्यांत गोव्याचाही एक. अशी मालिका जाहीर झाली की खेळाडूंची आणि तारकांची नावं आधी येतात. वाचकांनी त्याच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात: गाड्या कोणाच्या मालकीच्या आहेत, आणि आयोजकाचे पैसे संपले तर संघांना त्या ट्रॅकवर आणता येतील का.